सातव्या मिनिटाची बाई

केळुसकरांनी चहाची बशी खाली ठेवली, चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत नाकावर चढवला आणि विचारलं, "ही बाई कोण?"

शालन सुतारला वाटलं, म्हाताऱ्याला कमी दिसत असेल. शहाऐंशी वर्षांचा माणूस, सकाळच्या गाडीनं मुंबईहून मिरजेला उतरलेला. तिनं चित्र थांबवलं. पडद्यावर वस्तीतला नळ होता, नळापुढं घागरींची रांग होती आणि रांगेच्या टोकाला लाल लुगड्यातली एक पाठमोरी बाई होती.

"असं काय विचारताय दादा? ही आपली नळावरची बाई. हिच्यापायीच तर सहा वर्षं भांडतेय मी."

"शालनबाई, या मालिकेचा कॅमेरा मी धरला होता. तेरा भागांतली प्रत्येक चौकट माझ्या डोळ्यातून गेली आहे. या बाईला मी कधी टिपलेलं नाही."

"विसरला असाल."

"विसरतो की. परवा सुनेचं नाव विसरलो. चौकट नाही विसरत."

शालननं चित्र परत सुरू केलं. बाई नळापाशी गेली, ओंजळभर पाणी घेतलं, करंगळीशेजारचं बोट त्यात बुडवलं आणि नळाच्या तोटीला टेकवलं. टिळा लावावा तसं. मग घागर न भरताच ती चौकटीबाहेर निघून गेली.

केळुसकर हसले. ते हसणं काही बरं नव्हतं. "आमचा दिग्दर्शक लाल बावट्याचा माणूस. नारळ फोडायला आलेल्या निर्मात्याला त्यानं हाकलून दिलं होतं. तो नगरपालिकेच्या नळाला टिळा लावू देईल होय?"

*

आता मागचं थोडं सांगितलं पाहिजे.

'सातवा नळ' ही तेरा भागांची मालिका १९८७ साली लागायची. बंद पडलेल्या गिरणीच्या वस्तीत सात नळ, सहा कोरडे, पाणी येतं ते सातव्याला. तेवढीच गोष्ट. पण आठवड्यातून एकदा ती लागली की रस्ते ओस पडायचे. मूळ फिती पुढं कुठल्याशा गोदामात पुसल्या गेल्या, कारण फिती महाग आणि आठवणी फुकट असा तो काळ. हक्क फिरत फिरत 'अखंड' नावाच्या कंपनीकडं आले. तिला कुठूनशी नकलेची नक्कल मिळाली. तीवरून तिनं मालिका "ताजी" केली. विडी काढली, भिंती रंगवल्या, शिव्या धुतल्या. पुढं तर बघणारा बघून मालिका बदलायला लागली. तुमच्या घरी म्हातारी मरते, शेजाऱ्याच्या घरी जगते. या लोकांना जुनी मालिका म्हणजे उकडलेला बटाटा. कुठल्याही भाजीत घाला, कुणी ओरडत नाही.

शालन ओरडली. कारण तिच्याकडं पुरावा होता. तिचा नवरा विलास पोरवयात मिरजेच्या एका व्हिडिओ लायब्ररीत कामाला होता. त्यानं मालिका लागेल तशी कॅसेटीवर घेऊन ठेवली होती, आणि २००४ साली ते सगळं सीडींवर उतरवलं. एका सीडीवर एक भाग. त्यानंतरच्या पुरात कॅसेटी गेल्या, सीडी राहिल्या. 'सातवा नळ'च्या तेरा आणि बाकीच्या सगळ्या मिळून आणखी चारशे बारा. विलास २०३४ मध्ये गेला. शालननं दुकानावरची पाटी उतरवली नाही: सुतार सीडी केंद्र, पाहण्यासाठी विनामूल्य.

'अखंड'च्या मालिकेत नळावरची बाई नव्हती. शालनच्या सीडीत होती, तेराही भागांत, सातव्या मिनिटाला येऊन दहाव्याला जाणारी. शालननं सगळीकडं लिहिलं: एका गरीब बाईला यांनी मालिकेतून पुसून टाकलं. लोक पेटले. साठी ओलांडलेल्या कितीजणांनी लिहून कळवलं, हो, होती ती बाई, आम्ही डोळ्यांनी बघितली आहे. कुणी तिच्यावर कविता केली. सोलापुरात एका भिंतीवर ती तीन मजली उंच रंगवली गेली.

सोमवारी पुण्यात सुनावणी होती. कायदा सरळ होता. मूळ फीत उरली नसेल, तर जी खासगी प्रत सर्वांत जवळची ठरेल ती 'प्रमाण प्रत', आणि कंपनीला मालिका तिच्याबरहुकूमच दाखवावी लागेल. शालन जिंकली तर 'सातवा नळ' वाचणार होता. हरली तर मूळचं म्हणून जगात काही उरणार नव्हतं, ज्याच्या हातात कळ त्याची मालिका. आणि तिनं साक्षीला बोलावलेला, त्या चित्रीकरणातला एकमेव जिवंत माणूस आज शुक्रवारी तिच्या खुर्चीत बसून विचारत होता, ही बाई कोण.

*

तबस्सुम मुजावर गल्लीतलीच. मिरजेच्या एका जुन्या इस्पितळात ती यंत्रं दुरुस्त करायची. शनिवारी दुपारी शालन तिच्याकडं गेली ती पिशवीत तेरा सीडी घेऊन.

"काकी, तुमचा प्लेअर कुठल्या सालचा?"

"पस्तीसचा. आधीचा मेला. शेवटी शेवटी एकेका जागी अडायचा, टिकटिक करायचा. तुझे काका म्हणायचे, याचा डोळा म्हातारा झालाय. नवा आणला आणि सगळं लोण्यासारखं चालायला लागलं. रडले होते मी."

"अडायचा तो शहाणा होता," तबस्सुम म्हणाली. "नव्यात पूरक असतं."

पूरक म्हणजे नखाएवढी चिप. जुन्या प्लेअरला वाचता आलं नाही की तो प्रामाणिकपणे थांबायचा. चित्राचे तुकडे व्हायचे, आवाज फाटायचा, आपण शिव्या घालायचो. थांबणं हा पूरकाला कमीपणा वाटतो. मधला भाग वाचता आला नाही, तर आधीचं काय, नंतरचं काय, या घरात आजवर काय काय लावलं गेलं, हे सगळं जुळवून ते मधला भाग स्वतः रचतं. फाटक्या साडीला रफू करणारा निदान धागा तरी दुसरा आहे हे लपवू शकत नाही. हे लपवतं. पस्तीसपासून असा एक प्लेअर बनला नाही ज्यात पूरक नाही, आणि खोक्यावर ते कुठं लिहिलेलंही नाही. लिहिलं तर विकत कोण घेईल?

"पण रेडिऑलॉजीत चालत नाही ते," तबस्सुम म्हणाली. "फोटोत हाड दिसलं नाही म्हणून यंत्रानं स्वतःच्या मनानं हाड काढलं तर पेशंट मरेल की. जुन्या पेशंटांच्या सीडी वाचायला आमच्याकडं एक कोरा ड्राइव्ह ठेवलाय. बिनडोक. जे आहे तेच दाखवतो. चला."

ती खोली तळमजल्यावर होती, फिनाइलच्या वासाची. तबस्सुमनं पहिला भाग घातला. वस्ती दिसली, मालिकेतला विडी ओढणारा भिवा दिसला, कोरड्या नळाखाली जिभा काढून बसलेली कुत्री दिसली. शालनच्या जिवात जीव आला. सात मिनिटं वीस सेकंद. चित्राचे चौकोन झाले, चौकोन गळून पडले आणि पडदा काळा झाला. आवाजही गेला. ड्राइव्ह आतल्या आत टिकटिकत राहिला. दहा तीसला भिवा परत आला आणि काही झालंच नाही असा बोलायला लागला.

दुसरा भाग. सात वीसला काळोख. पाचवा, नववा, तेरावा, सगळ्यांना तिथंच भोक. तीन मिनिटं दहा सेकंद.

"सगळ्या एकाच जागी कशा खराब होतील?" शालननं विचारलं.

तबस्सुमनं सीडी खिडकीकडं धरली. मधल्या भोकापासून अर्ध्या बोटावर, चकाकीमध्ये थेंबाएवढी एक खिडकी होती. तिच्यातून बाहेरचं आभाळ दिसत होतं. दुसरी सीडी धरली. तीच खिडकी, तोच आकार. खाली रुंद, वर निमुळती.

"वरून काही लावलंय का यांना?"

शालननं ती सीडी हातात घेतली. तिनं उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट त्या खिडकीवर ठेवलं. ते बरोबर बसलं. मापानं बेतल्यासारखं.

विलास सुताराच्या घरचा. दुकान व्हिडिओचं असलं तरी रक्त रंधा-करवतीचं. खंडेनवमीला त्यांच्याकडं एकही हत्यार बिनकुंकवाचं राहत नसे. किकऱ्याला वेगळा टिळा, वाकसाला वेगळा, खिळे ठेवायच्या डबीलासुद्धा. लग्नानंतर सासूबाईंनी विलासला विचारलं होतं, तुझं हत्यार कुठलं रे? पुढं सीडी आल्यावर त्यांनीच ठरवून दिलं, तुझं पोट हिच्यावर ना? मग हिलाच लाव. एकूण एक. तेव्हापासून दर वर्षी शालन चारशे पंचवीस सीडी एकेक करून डाव्या हाताच्या बोटात अडकवायची आणि उजव्या हातानं ओली हळद आणि तिच्यावर कुंकू टेकवायची. चकाकत्या बाजूला नाही, एवढी ती अडाणी नव्हती. छापील बाजूला, विलासच्या अक्षराला धक्का लागू नये म्हणून भोकाच्या डाव्या अंगाला. चाळीस वर्षं होत आली. विलास गेल्यावर तर जरा जास्तच जीव ओतून.

"लोकांना वाटतं चकाकती बाजू जपायची," तबस्सुम हळू म्हणाली. "उलटं आहे काकी. त्या बाजूला जाडजूड प्लॅस्टिक आहे, ते ओरखडे सोसतं. चित्र असतं ते पाठीला, छापील बाजूच्या अगदी खाली. मध्ये फक्त वार्निशचा एक हात. ओली हळद, त्यावर कुंकू, कुंकवात कसले कसले रंग आणि क्षार. दर वर्षी त्याच जागी. आतून बाहेर अशी सीडी वाचली जाते, त्यामुळं तीच जागा म्हणजे तीच मिनिटं."

सुताराच्या बायकोला वार्निशचा हात म्हणजे काय ते कुणी समजावून सांगायला नको. शालन स्टुलावर बसली.

"मग बाई कुठनं आली?"

"नवे प्लेअर सीडी आत घेताना तिच्या पाठीचा फोटो घेतात. नाव वाचायला, म्हणजे आत काय आहे त्याचा अंदाज येतो. त्याला काय दिसलं? काकांचं अक्षर आणि पिवळ्यावर लाल. प्रत्येक सीडीवर, नेमकं जिथं वाचता येत नाही तिथंच. त्यानं तेच धरलं. पहिल्या वेळी अंधुक काहीतरी रचलं असेल. पुढच्या वेळी स्वतः रचलेलंच खरं मानून आणखी रचलं."

शालनला आठवलं. पहिल्यांदा लाल पदराचं नुसतं टोक दिसलं होतं, घागरींच्या मागं. मग हात. मग पाठ. दर वेळी ती स्वतःला म्हणायची, कमाल आहे, एवढं बारीक काम दिग्दर्शकानं केलंय आणि मला आत्ता दिसतंय.

"बाकीच्या सीडींना पण कुंकू आहे का?" तबस्सुमनं विचारलं. आणि विचारून तिचं तिलाच नकोसं झालं असावं, कारण ती लगेच वायरी गुंडाळायला लागली.

*

संध्याकाळी दोघींनी दुकानात बसून बाकीच्यांतल्या काही सीडी शालनच्या प्लेअरमध्ये घातल्या. सरळ सातव्या मिनिटावर न्यायच्या आणि बघायच्या. केळुसकर मागं आरामखुर्चीत होते.

कोर्टकचेरीची एक मालिका होती. सातव्या मिनिटाला शेवटच्या बाकावर लाल लुगडं. विनोदी मालिका होती, दिवाणखान्यात धांदल, आणि स्वयंपाकघराच्या दारात पाठमोरी ती. एका पौराणिक मालिकेत राजाच्या दरबारात खांबाआड. शालननं हे सगळं वीस वेळा बघितलेलं. कधी खटकलं नव्हतं. लाल लुगड्यातली बाई कुठं नसते?

"काकी, पुरे," तबस्सुम म्हणाली.

"एक राहिली."

विलासनं स्वतःच्या लग्नाची कॅसेटही सीडीवर उतरवली होती. कर्नाळ रोडवरचं कार्यालय, अक्षता, बँडवाल्यांची पळापळ. सातव्या मिनिटाला नवरानवरी पाया पडत होते. म्हाताऱ्यांची रांग होती, आणि रांगेच्या टोकाला पाठमोरी लाल बाई. तरणी शालन तिच्या पुढ्यात वाकली. बाईनं बोट पुढं केलं आणि तिच्या कपाळाला टेकवलं.

"ही मला टाकळीची आत्या वाटायची," शालन म्हणाली. "विलासच्या बाजूची. मी त्यांना एकदा विचारलं पण होतं, तुमच्या टाकळीच्या आत्या परत आल्या नाहीत कधी?"

"मग काका काय म्हणाले?"

शालननं डोक्याला खूप ताण दिला. विलासचा चेहरा आठवेना. आणि मग तिच्या ध्यानात आलं, की नवा प्लेअर आला तेव्हा विलासला जाऊन वर्ष झालं होतं. तिनं त्याला हे विचारलंच नव्हतं. विचारणं शक्यच नव्हतं. पण विचारताना हातात धरलेलं ताट तिला अजून जड लागत होतं.

*

रविवारी सकाळी केळुसकर अंघोळ करून, भांग पाडून बसले होते. चेहरा उजळलेला.

"शालनबाई, आठवलं मला."

"काय?"

"ती बाई. होती ती. मीच बावळट. अहो, ऐनवेळी आली होती. वस्तीतलीच कुणीतरी. दिग्दर्शक वैतागला, मी म्हटलं राहू दे, पाठ चांगली आहे. तिनं चहा घेतला नव्हता. सगळ्यांनी घेतला, तिनं नाही. त्या काळी कॅमेऱ्यात लाल रंग फाकायचा, म्हणून मी तिला रांगेच्या टोकाला उभी केली. उद्या शपथेवर सांगतो."

ते खोटं बोलत नव्हते. शालनला माणसं कळायची. म्हाताऱ्याच्या डोळ्यात पाणी होतं. दोन दिवस त्यांनी ती बाई बघितली होती, आणि एवढ्यानं त्यांच्या डोक्यातल्या छप्पन्न वर्षांच्या भोकाला रफू झालं होतं. चिप लागली नव्हती.

"दादा, ती खोटी आहे." तिनं सगळं सांगितलं. कुंकू, वार्निश, पूरक.

केळुसकरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "असेल. यंत्रानं तशी एक काढली असेल. पण खरी पण होती ना. मला तिच्या टाचा आठवतात. भेगा होत्या." मग ते जरा पुढं झुकले. "आणि तुम्ही स्वतः बघितली होती ना लहानपणी? तुम्हीच लिहिलंय."

लिहिलं होतंच. बारा वर्षांची शालन, तेल्यांच्या ओसरीवर पन्नास माणसांत बसलेली, आणि पडद्यावर ते लालभडक लुगडं. सगळ्या लढ्याची सुरुवात तिनं त्या ओसरीवरून केली होती. भाषणातसुद्धा ती तिथून सुरू करायची.

तिला आता ओसरी स्पष्ट दिसली. तेल्यांचा टीव्ही दिसला. लाकडी दारांचा, काळापांढरा. डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून तेल्यांनी पुढून निळी काच लावली होती.

काळ्यापांढऱ्या टीव्हीवर, निळ्या काचेतून, लाल लुगडं.

ती उठून मोरीत गेली आणि थंड पाण्यानं कपाळ धूत राहिली. बराच वेळ.

*

सोमवारी न्यायाधिकरणात कंपनीचा वकील फार गोड बोलला. गोड बोलायला त्याचं काय जात होतं? अध्यक्षीणबाईंनी केळुसकरांची साक्ष घेतली. ते म्हणाले, होती. टाचांना भेगा होत्या हेही म्हणाले. मागं बसलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. वकिलानं उलटतपासणी घेतलीच नाही. एवढ्या म्हाताऱ्याला झोडपलं तर पेपरात काय येईल हे त्याला कळत होतं.

"सुतारबाई," अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "आपल्या प्रती जशा मिळाल्या तशाच आहेत, त्यात काही भर नाही, असं आपलं प्रतिज्ञापत्र आहे. ते कायम?"

एका शब्दाचं काम होतं. हो म्हणायचं. 'सातवा नळ' वाचला असता. विडी परत आली असती, भिंती परत मळल्या असत्या, भिवाची म्हातारी प्रत्येक घरात मेली असती. तीन मिनिटांच्या खोटेपणाच्या बदल्यात बाकीची वीस मिनिटं खरी राहिली असती, तेराही भागांत. यापेक्षा वाईट सौदे देशात रोज होतात. तबस्सुमनं गाडीत तिला हेच सांगितलं होतं. "काकी, गप बसा. तुम्हाला काय ते खोटं बोलायला सांगत नाही मी. नुसतं गप बसा."

शालन उभी राहिली. "कायम नाही."

मागच्या बाकांवरून कुणीतरी 'काय?' म्हणून ओरडलं.

"माझ्या सीडीत तीन मिनिटं नाहीत. मीच खाल्ली ती, हळदीकुंकवानं. तिथं जी बाई दिसते ती यंत्राची आहे. दादा खोटं बोलत नाहीत, त्यांना तसं खरंच आठवतं. मलाही आठवतं. पण आठवतं म्हणून ती होती असं नाही." ती कंपनीच्या वकिलाकडं वळली. "तुम्ही दात काढू नका. माझं यंत्र तीन मिनिटं खोटं बोलतं, तुमचं तर अख्खी मालिका खोटं बोलतंय. मी निदान भोक कुठं आहे ते सांगतेय. तुम्ही सांगा की एकदा तुमचं कुठं आहे."

वकील दात काढत नव्हता. तो काहीतरी लिहून घेत होता.

निकाल चार ओळींचा आला. मूळ प्रत अस्तित्वात नाही. सुतार यांच्या सीडी अपूर्ण असल्यानं प्रमाण मानता येत नाहीत, त्यांना परत कराव्यात. आणि पंधरा दिवसांत 'अखंड'नं जाहीर केलं, लोकाग्रहास्तव 'सातवा नळ'मध्ये नळावरची बाई दाखल होत आहे. वकिलानं लिहून घेतलं होतं ते हेच. खोटं आहे असं भर कचेरीत सांगितलेली गोष्ट त्यांनी उचलली आणि खरी करून विकायला ठेवली. आता ती घराघरात नळाला टिळा लावायला लागली. सोलापूरच्या भिंतीवर लोकांनी नवा रंग दिला. शालनला मात्र पत्रं आली: तू त्या बाईला खोटी म्हणालीस, कंपनीनं तुला किती दिले?

केळुसकरांनी फोन केला होता. रागावले नव्हते. "बघितलं का? त्यांच्यात तिचा चेहरा दिसतो," एवढंच म्हणाले. शालननं विचारलं नाही, कसा आहे.

*

खंडेनवमी आली. शालननं हळदीकुंकवाचं ताट घेतलं, फळीवर ठेवलं आणि त्यावर दुसरं ताट पालथं घातलं. यंदा नाही. सीडी नुसत्या कोरड्या फडक्यानं पुसल्या. पूरकवाला प्लेअर तिनं आदल्या दिवशीच पटाशी-हातोडी घेऊन सुतारांच्या सुनेला शोभेल असा खोलून टाकला होता.

तबस्सुमनं इस्पितळातून एक दिवसापुरता कोरा ड्राइव्ह मागून आणला. दुपारी तीन वाजता शालननं दुकानाचं शटर आतून ओढून घेतलं, अंधार व्हावा म्हणून. दारावर खडूनं लिहिलं होतं: 'सातवा नळ', भाग पहिला. जेवढा उरला आहे तेवढा.

सतरा माणसं आली. बहुतेक गल्लीतली, सांध्यांना तेल लावणाऱ्या वयाची. खुर्च्या पुरल्या नाहीत, म्हणून शालन सगळ्यांच्या मागं, पत्र्याच्या पेटीवर बसली. सुरू करण्यापूर्वी ती उभी राहून बोलली.

"सात मिनिटं वीस सेकंदांनी पडदा काळा होईल. तीन मिनिटं दहा सेकंद काही दिसणार नाही, ऐकू येणार नाही. तिथं काय होतं ते कुणालाच ठाऊक नाही. मला पण नाही. कुणी उठायचं नाही, कुणी मोबाईल काढायचा नाही. ते भोक तेवढं आपण सगळ्यांनी मिळून बघायचं."

"पिक्चर बघायला बोलवून अंधार दाखवणारी तूच पहिली बाई शालन," तिच्या पुढ्यातल्या खुर्चीतला सायकलवाला इनामदार म्हणाला. सगळे हसले.

मालिका लागली. भिवानं विडी पेटवली आणि कुणीतरी सुखानं उसासा टाकला. भिंती मळक्या होत्या. कुत्र्यांच्या फासळ्या दिसत होत्या. म्हातारी खोकली, तेव्हा खोलीतही दोघंजण खोकले. शालनला वाटलं, हरलो तर हरलो, हे एवढं तरी कुणाच्या बापाला बदलता येणार नाही.

सात वीस. चौकोन गळाले. काळोख.

ड्राइव्ह टिकटिकत राहिला. शटरच्या फटीतून आलेली उजेडाची एक रेघ सोडली तर खोलीत काही नव्हतं. सतरा माणसं गप्प. कुणी हललं नाही. एक मिनिट झालं असेल.

पहिल्या रांगेतून तेल्यांच्या म्हाताऱ्या सुनेचा आवाज आला. हळू, समाधानाचा. "आली बघ."

कुणी विचारलं नाही, कोण. कुणी विचारलं नाही, कुठं. इनामदारसुद्धा नाही. त्यानं उलट शेजाऱ्याला गप्प राहायची खूण केली. सतरा डोकी काळ्या पडद्यावरच्या एकाच जागेकडं लागली होती, आणि ती सगळी मिळून एकदम, सावकाश, उजवीकडून डावीकडं वळली. कुणीतरी चालत चालत नळापाशी यावं आणि बघणाऱ्यांची नजर तिच्याबरोबर यावी, तशी.

शालनला ओरडून सांगायचं होतं, अरे पडदा काळा आहे. तिथं काही नाही, मी स्वतः खाल्लंय ते. तिनं तोंड उघडलं.

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की इनामदारच्या डोक्याआडून नीट दिसावं म्हणून ती स्वतः केव्हाची डावीकडं झुकून बसली होती.